६ इंची शोभेचा वाडगा: लेथवरचे कातकाम आणि लाखेचे पॉलिश

या लेखात आंब्याच्या लाकडाचा ६ इंच व्यासाचा आणि साधारण पावणेदोन इंच उंचीचा वाडगा लेथवर, म्हणजे लाकूड फिरते ठेवून हत्याराने कापण्याच्या यंत्रावर, कसा कातावा आणि त्याला लाखेचे पॉलिश कसे करावे, हे क्रमाने सांगितले आहे. वाडगा शोभेचा आहे. त्यात किल्ल्या, सुकी फुले किंवा फार तर टरफलासकट भुईमुगाच्या शेंगा राहतील, ओले खाद्यपदार्थ ठेवायचे नाहीत. ही मर्यादा आधीच मान्य केली की पाण्याला, उष्णतेला आणि साबणाला टिकणारे पॉलिश शोधण्याची खटपट वाचते आणि सगळे लक्ष मूळ कामावर, म्हणजे लाकूड नीट कापण्यावर देता येते. नवशिके बहुतेक वेळा उलटे करतात. हत्याराची धार तशीच बोथट ठेवून राहिलेले ओरखडे पॉलिश पेपरने काढू पाहतात आणि तेही जमले नाही की पॉलिशचे हात वाढवत जातात. वास्तविक पॉलिश पृष्ठभाग झाकत नाही, तो अधिक स्पष्ट दाखवते. म्हणून वाडग्याचे रूप शेवटच्या दोन-तीन कापांतच ठरून जाते, असे समजून काम करावे.

लाकूड

पहिल्या वाडग्यासाठी आंबा निवडण्याची कारणे साधी आहेत. तो महाराष्ट्रात वखारीत सहज आणि स्वस्त मिळतो, फार कठीण नसतो, आणि त्यात पिवळट, तपकिरी, कधी काळसर अशा रेषा असल्याने साध्या आकारालाही शोभा येते. फणसही चांगला, ताजा कापलेला असताना तो पिवळाधमक दिसतो आणि उजेडात हळूहळू तांबूस-तपकिरी होत जातो. सागाचा मोह अनेकांना होतो, पण सागात सिलिका असल्यामुळे हत्याराची धार लवकर जाते आणि धार लावण्याचा सराव नसलेल्या माणसाचा हिरमोड होतो. बाभूळ आणि शिसव हात बसल्यानंतर घ्यावेत.

लाकूड वाळलेले असावे. ओल्या लाकडाचा वाडगा कातून झाल्यावर लंबगोल होतो आणि बहुधा काठाशी चिरतो. हवेत वाळवताना दर इंच जाडीला साधारण एक वर्ष, असा जुना ढोबळ हिशेब आहे. कोकणातल्या दमट हवेत तो कमीच पडतो. वाळले की नाही हे पाहण्याचा भरवशाचा घरगुती उपाय म्हणजे तुकडा दर आठवड्याला काट्यावर तोलणे: वजन काही आठवडे घटेनासे झाले की लाकूड भोवतालच्या हवेशी जुळले असे धरावे. ओलाच तुकडा हाती आला, तर त्याचा आधी जाड भिंतीचा कच्चा वाडगा कातून ठेवावा, भिंतीची जाडी व्यासाच्या एक दशांश म्हणजे ६ इंचांना जेमतेम ५ सूत (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) ठेवावी, टोकाकडच्या उघड्या तंतूंना मेण फासावे, आणि काही महिन्यांनी वजन स्थिरावल्यावर तो पुन्हा गोल करावा. पहिल्या खेपेला मात्र वाळलेलेच लाकूड घेणे बरे.

वखारीत तुकडा पाहताना तीन गोष्टी तपासाव्यात. खोडाचा अगदी मधला गाभा तुकड्यात नसावा, कारण भेगा तिथूनच सुटतात. आंब्याला किडा लवकर लागतो; टाचणीएवढी भोके दिसली आणि तुकडा आपटल्यावर त्यांतून पिठासारखी भुकटी पडली, तर तो तुकडा कितीही सुंदर असला तरी ठेवून द्यावा. आणि टोकाकडे केसासारखी चीर असेल, तर ती आत कुठपर्यंत गेली आहे हे कळत नाही, म्हणून चिरेपासून इंचभर पुढे कापूनच उरलेला भाग वापरावा. आपल्याला साडेसहा इंच चौरस आणि २ इंच जाडीचा ठोकळा पुरतो. लाकडाचे तंतू ठोकळ्याच्या रुंद बाजूला समांतर, म्हणजे फळीत असतात तसे आडवे असावेत.

यंत्र, हत्यारे आणि धार

१० इंच व्यासापर्यंतचे काम घेणारा छोटा लेथ या वाडग्याला पुरेसा आहे, मात्र त्याचा वेग मिनिटाला ५०० फेऱ्यांपर्यंत खाली आणता आला पाहिजे. सोबत ३ इंची फेसप्लेट (लाकूड स्क्रूंनी जोडायची धातूची तबकडी), लाकूड पकडणारा चार जबड्यांचा चक आणि फिरते सेंटर, म्हणजे टोकदार टेकू, असलेला टेलस्टॉक (लाकडाला समोरच्या बाजूने आधार देणारा भाग) लागतो. हत्यारे तीनच: ३ सुती बाउल गॉज (वाडगा कापायचे पन्हळीचे हत्यार), एक जाड गोल टोकाचा स्क्रॅपर (खरवडायचे हत्यार) आणि एक पार्टिंग टूल (अरुंद खाच पाडायचे हत्यार). स्वस्त संचात रफिंग गॉज नावाचे रुंद पन्हळीचे हत्यार हमखास असते. ते केवळ लांब दांडे गोल करण्यासाठी आहे. त्याची मुठीत जाणारी शेपटी बारीक असते आणि वाडग्याच्या आडव्या तंतूंत टोक अडकले की ती मोडून पाते उडते. वाडग्याच्या कामात ते हाताळूच नये.

आपल्याकडचे परंपरागत कातारी जमिनीवर बसून, धनुकलीच्या दोरीने मागे-पुढे फिरणाऱ्या लाकडावर काम करत आणि लाकूड आपल्याकडे फिरे त्या अर्ध्या फेरीतच कापत. विजेच्या लेथवर लाकूड थांबत नाही, त्यामुळे धारही सतत झिजते आणि चुकीलाही उसंत मिळत नाही. धार लावण्यासाठी पांढऱ्या चाकाचा ग्राइंडर आणि गॉज एकाच कोनात धरून ठेवणारी जिग घ्यावी. कोन ४५ ते ५५ अंशांमध्ये कोणताही चालतो, पण एकदा ठरवला की बदलू नये. दर वेळी थोडा वेगळा कोन लागला की धारेमागच्या उतारावर अनेक पैलू पडतात आणि हत्यार लाकडावर टेकेनासे होते. धार असलेल्या गॉजमधून लांब सोलपटे निघतात. सोलपटे थांबून भुसा उडू लागला की लेथ बंद करून ग्राइंडरकडे जावे. एका वाडग्याला अशा पाच-सहा खेपा झाल्या तरी त्यात वेळ वाया गेला असे मानू नये.

अंगावरची तयारी

चष्मा पुरत नाही. पूर्ण चेहरा झाकणारी पारदर्शक ढाल लावावी. ओढणी, पदर, सैल बाह्या, बांगड्या, गळ्यातली साखळी आणि मनगटात बांधलेला दोरासुद्धा काढून किंवा घट्ट आवरून ठेवावा. हातमोजे घालू नयेत, कारण ते फिरत्या लाकडात ओढले जातात आणि त्यांच्यासोबत हातही जातो. लाकडाची बारीक धूळ फुफ्फुसांना आणि नाकाला दीर्घकाळात घातक आहे, इतकी की कर्करोगाच्या सिद्ध कारणांत तिची गणना होते. म्हणून घासकामाच्या वेळी कापडी रुमाल न बांधता एन९५ मास्क लावावा. लेथ सुरू करताना लाकडाच्या फिरण्याच्या रेषेत उभे न राहता बाजूला उभे राहावे.

बाहेरची बाजू

ठोकळ्यावर कर्ण आखून मध्य काढावा, कर्कटकाने ६ इंचांहून किंचित मोठे वर्तुळ आखावे आणि बँडसॉ असेल तर गोल, नसेल तर करवतीने चारही कोपरे उडवून अष्टकोन कापून घ्यावा. वाडग्याचे तोंड ज्या बाजूला येणार, तिच्यावर फेसप्लेट चार स्क्रूंनी पक्की करावी. स्क्रू लाकडात ४ ते ५ सूत जावेत. पुढे तो भाग कोरूनच निघणार असल्यामुळे भोकांची चिंता नाही. जिप्सम बोर्डाचे काळे स्क्रू ठिसूळ असतात आणि धक्क्याने त्यांची मुंडकी तुटतात, म्हणून साधे जाड लाकडी स्क्रू घ्यावेत. फेसप्लेट लेथवर चढवून दुसऱ्या बाजूने टेलस्टॉकचे सेंटर टेकवावे. त्याचा जो ठसा बुडाच्या मध्यावर उमटेल, तो शेवटपर्यंत जपायचा आहे.

टूल रेस्ट, म्हणजे हत्यार टेकवायची पट्टी, लाकडापासून २ सूत अंतरावर, मध्याच्या जरा खाली घट्ट करावा आणि लाकूड हाताने एक पूर्ण फेरा फिरवून कुठे अडत नाही ना ते पाहावे. हा फेरा रेस्ट हलवल्यावर दर वेळी घ्यायचा, आणि रेस्ट लेथ बंद करूनच हलवायचा. सुरुवातीला वेग ५०० फेऱ्यांच्या आसपास ठेवावा. लाकूड गोल होऊन थरथर थांबल्यावर तो वाढवता येतो: इंचांतला व्यास आणि मिनिटाच्या फेऱ्या यांचा गुणाकार ६००० ते ९००० मध्ये राहावा, असा कातकामातला प्रचलित हिशेब आहे, त्यानुसार ६ इंचांना १००० ते १५०० फेऱ्या येतात. नवख्याने खालचाच आकडा पाळावा.

आता मुख्य गोष्ट. गॉज आधी रेस्टवर टेकवावे, मग धारेमागचा उतार लाकडावर टेकवावा, आणि त्यानंतर मूठ हळूहळू उचलत धार लाकडात शिरू द्यावी. हा क्रम मोडला आणि धार आधी लागली की हत्यार लाकडात रुतते आणि हिसका बसतो. उतार टेकलेला असेपर्यंत लाकूडच हत्याराला आधार देते आणि काप गुळगुळीत येतो. गॉजची पन्हळ आकाशाकडे उघडी नसावी, ती कापायच्या दिशेला ४५ अंश कललेली असावी. जोर हातांनी लावू नये. मूठ कमरेला टेकवून, पाय फाकवून उभे राहावे आणि शरीराचा भार एका पायावरून दुसऱ्यावर नेत काप पुढे न्यावा.

दिशेचा नियम तंतूंवरून ठरतो. आडव्या तंतूंच्या वाडग्यात प्रत्येक फेरीत धारेसमोर दोनदा लांबट तंतू आणि दोनदा तंतूंची टोके येतात. बाहेरून कापताना बुडाकडून काठाकडे, म्हणजे लहान व्यासाकडून मोठ्याकडे गेले की प्रत्येक तंतूला मागच्या लांब तंतूचा आधार मिळतो. उलट गेले की निराधार टोके उपटली जातात आणि समोरासमोरच्या दोन पट्ट्यांत खरबरीत डाग पडतात. आंब्याचे तंतू काही ठिकाणी एकमेकांत गुंतलेले असल्यामुळे त्यात हे डाग लवकर दिसतात. ते दिसले तर धार ताजी करून, त्या जागी पातळ लाखेचा एक हात देऊन तंतू ताठ होऊ द्यावेत आणि नखाएवढ्या जाडीचा शेवटचा काप एका दमात घ्यावा.

आकाराबाबत एक सल्ला. दोन हातांत बारीक साखळी धरून लोंबती सोडावी आणि तिच्या वक्ररेषेकडे पाहावे. बुडापासून काठापर्यंत तशी एकच अखंड रेषा आली की साधा वाडगाही डोळ्याला बरा वाटतो. नवशिक्यांच्या वाडग्यात बाजू उभी, तळ सपाट आणि मध्ये एक कोपरा असतो, कारण बुडाशी लाकूड काढायला त्यांचा हात धजत नाही. बूड व्यासाच्या तिसऱ्या हिश्शाच्या जवळपास, म्हणजे २ इंच ते सव्वादोन इंच असावे.

त्याच बुडावर चकच्या जबड्यांत धरायचा गोल खुंट, म्हणजे टेनन, पार्टिंग टूलने कातावा. त्याची उंची २ सूत आणि व्यास चकचे जबडे जवळजवळ मिटलेले असताना बसेल इतका असावा, म्हणजे जबड्यांची पूर्ण गोलाई लाकडाला टेकते. टेननचा माथा चकच्या तळाला लागता कामा नये आणि मुळाशी काटकोनी खांदा असावा, कारण पकड जितकी जबड्यांच्या दाबावर तितकीच या खांद्याच्या टेकण्यावर असते. फिरत्या वाडग्याने चकमधून उडी घेण्याचे बहुतेक प्रसंग घाईत कातलेल्या टेननमुळे येतात.

आतली बाजू

फेसप्लेट काढून वाडगा उलटा करून टेननने चकमध्ये घट्ट धरावा. तोंडाची बाजू सपाट करून घेतली की काठापासून टेननच्या खांद्यापर्यंत सुमारे १४ सूत उरतात. तळ ३ सूत जाड ठेवायचा, म्हणून मध्यावर ११ सूत खोल भोक पाडावे. ड्रिलच्या पात्यावर तेवढ्या अंतरावर टेप चिकटवली की चूक होत नाही. कोरताना भोकाचा तळ दिसला की थांबायचे, एवढा साधा संकेत त्यामुळे मिळतो.

आतून दिशा उलटी: काठाकडून मध्याकडे. मध्यापासून सुरुवात करून भोक टप्प्याटप्प्याने रुंद करत काठाकडे सरकावे, मात्र प्रत्येक काप बाहेरून आत न्यावा. काप सुरू होतो त्या क्षणी उताराला टेकायला लाकूड नसते आणि गॉज काठावरून घसरून बाहेर पळते; ते टाळण्यासाठी सुरुवातीला पन्हळ पूर्ण आडवी, मध्याकडे तोंड करून धरावी, बारीक खोबण पडली की मगच ती किंचित उघडावी. आतील काम जितका वेळ टेलस्टॉकचा आधार ठेवून करता येईल तितका ठेवावा.

भिंत २ सूत जाड करायची आहे. इथे क्रम महत्त्वाचा: वरचा अर्धा इंच आधी पूर्ण अंतिम जाडीला आणावा, मग त्याखालचा अर्धा इंच, असे उतरत जावे. तळ कोरून झाल्यावर काठाकडे परत जाऊ नये, कारण आतले लाकूड निघाल्यावर काठ किंचित हललेला असतो आणि पातळ भिंत धारेखाली थरथरते. जाडी कॅलिपरने मोजावी, तीही लेथ थांबवून. तळाच्या वळणावर गॉजचा उतार टेकेनासा झाला तर गोल स्क्रॅपर घ्यावा, त्याची मूठ टोकापेक्षा वर ठेवावी, टोक मध्यरेषेच्या जरा वर राहील असा रेस्ट चढवावा आणि हलका हात फिरवावा. स्क्रॅपर तळापुरताच वापरावा. भिंतीवर तो चालवला की तंतू उपटले जातात.

घासकाम

१२० नंबरच्या पॉलिश पेपरने सुरुवात करून १८०, २४०, ३२० आणि ४०० असे जावे. काप चांगले आले असतील तर १२० वर फार वेळ लागत नाही. त्याहून खरबरीत ८० नंबर हातात घ्यावासा वाटला तर बहुधा धारच गेलेली असते. वेग ५००-६०० पर्यंत उतरवावा, रेस्ट काढून ठेवावा आणि कागद लाकूड आपल्यापासून दूर जाते त्या खालच्या बाजूला टेकवून सतत सरकता ठेवावा. बोट भाजू लागले तर लाकूडही तापते आहे, आणि तापलेल्या काठाला बारीक चिरा पडतात. प्रत्येक नंबरनंतर लेथ थांबवून, तिरप्या उजेडात मागच्या नंबरचे ओरखडे शोधावेत आणि उरलेले हाताने, तंतूंच्या दिशेने घासून काढावेत. २४० नंतर ओल्या फडक्याने वाडगा एकदा पुसून वाळू द्यावा. उभे राहिलेले रोम पुढच्या कागदाने कापले जातात.

काठावर लाखेची रंगीत पट्टी

ही पायरी ऐच्छिक आहे, पण सावंतवाडीच्या चितारआळीत लाकडी फळे आणि खेळणी पाहिलेल्यांना ती करून पाहावीशी वाटेल. कर्नाटकातल्या चन्नपट्टणच्या खेळण्यांवरही हेच तंत्र दिसते. काठाखाली ३ सूत अंतरावर पार्टिंग टूलच्या कोपऱ्याने दोन बारीक रेषा कोराव्यात. त्यांच्या मधल्या पट्टीवर, लाकूड फिरत असताना, रंगीत लाखेची कांडी हलकी दाबून धरावी; घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून लाकडावर बसते. मग काटे आणि मधली शीर काढून टाकलेले केवड्याचे पान दुमडून पट्टीवर दाबले की लाख एकसारखी पसरते आणि चकाकी येते. पट्टी कोऱ्या लाकडावरच, म्हणजे पुढच्या पॉलिशच्या आधी करायची असते. टपालावर मोहोर उठवायच्या कांड्या इथे उपयोगाच्या नाहीत. त्यांत राळ आणि भराव असल्याने थर ठिसूळ होतो.

लाखेचे पॉलिश

हार्डवेअरच्या दुकानात चपडा लाख (पातळ पापुद्र्यांच्या रूपातली लाख) आणि पॉलिशचे स्पिरिट मिळते. १०० मिलिलीटर स्पिरिटमध्ये २० ग्रॅम चपडा काचेच्या बरणीत रात्रभर भिजवून, विरघळल्यावर मलमलीतून गाळून घ्यावा. स्पिरिट विषारी आहे आणि लगेच पेट घेते, म्हणून हे काम खिडक्या उघडून, ग्राइंडर आणि गॅसपासून दूर करावे. लेथ बंद ठेवून, सुती फडक्यात गुंडाळलेल्या कापसाच्या बोळ्याने पातळ हात द्यावा. पट्टी केली असेल तर तिच्यावरून बोळा एकदाच आणि झटकन न्यावा, कारण स्पिरिटमध्ये तिची लाखही विरघळते. एक-दोन तासांनी ४०० नंबरच्या जुन्या कागदाने हलके घासून दुसरा हात द्यावा. असे चार-पाच पातळ हात पुरेत. जाड हात ओघळतो आणि वर चिकट राहतो. पावसाळ्यात, हवा दमट असताना, लाखेवर पांढुरके धुके धरते, म्हणून कोरड्या दिवसाची वाट पाहावी.

शेवटचा हात दिवसभर वाळल्यावर मधमाशीच्या मेणाचा तुकडा हळू फिरत्या वाडग्याला टेकवावा आणि कागदी रुमालाने चोळून झिलई आणावी. फिरत्या कामावर कापड कधीही धरू नये. कागद फाटून सुटतो, कापड बोट ओढून नेते. ज्यांना लाखेऐवजी जवसाचे तेल आवडते त्यांनी ते जरूर वापरावे, फक्त तेलाचे बोळे चुरगळून कोपऱ्यात टाकू नयेत. वाळताना ते आपोआप तापून पेटतात. पाण्यात भिजवून किंवा उघड्यावर पसरून वाळवूनच ते टाकावेत.

बूड

टेनन काढण्यासाठी फेसप्लेटवर टाकाऊ लाकडाचा घुमट कातून त्यावर रबराचा पातळ तुकडा ठेवावा, वाडगा त्यावर पालथा घालावा आणि टेलस्टॉकचे सेंटर बुडावरच्या मूळ ठशात टेकवून दाबावे. हलक्या हाताने टेनन कातत न्यावा आणि बूड मध्याकडे किंचित खोलगट करावे, म्हणजे वाडगा टेबलावर डगमगत नाही. सेंटरखाली बोटाएवढा खुंट उरला की लेथ बंद करावा, तो पटाशीने कापावा आणि जागा हाताने घासून घ्यावी. पेन्सिलने लाकडाचे नाव आणि तारीख लिहून त्यावर लाखेचे दोन हात द्यावेत. पॉलिश पुरते कडक व्हायला आठवडाभर लागतो. तोवर वाडगा कागदात गुंडाळू नये, आणि पुढेही त्याला गरम भांड्याचा, सॅनिटायझरचा व ओल्या फडक्याचा स्पर्श होऊ देऊ नये, धूळ कोरड्या मऊ फडक्याने पुसावी.